साखर बंद, पण खिशात

इन्सुलिन घेणाऱ्या माणसाजवळ किस्से फार साठतात. तो काही मुद्दाम साठवत नाही. त्याचे निम्मे किस्से तो धड शुद्धीवर नसताना घडतात. म्हणजे घडताना मजा बघायची दुसऱ्यांनी, आणि नंतर ऐकून घ्यायचं मात्र त्यानं! त्यातही सांगणारा प्रत्येक जण आपल्या पदरचं घालतो. एकच प्रसंग मी तीन जणांकडून ऐकलाय आणि तिन्ही वेळा मी वेगवेगळ्या जागी पडलो होतो. तेव्हा इथं सांगतोय त्यातलं मला आठवतं तेवढं माझं, बाकीचं बहुतेक मेहबूबचाचांच्या जबानीवर.

आमचं दूध शीतकरण केंद्र लोहाऱ्याच्या वाटेवर, उघड्या माळावर होतं. गावोगावच्या सोसायट्यांचं दूध सकाळी तिथं यायचं, तपासायचं, थंड करायचं आणि टँकरनं सोलापूरला धाडायचं. कायमची माणसं चारच. सुपरवायझर जगदाळेसाहेब, थंड करायचं मशीन सांभाळणारे मेहबूबचाचा, गाडीवर नागनाथ ड्रायव्हर, आणि दूध तपासणारा टेस्टर म्हणजे मी, विश्वनाथ ओव्हाळ. दुधात पाणी किती, साखर किती, हे बघायचं माझं काम. हो, साखर! पाणी घातलेलं दूध पातळ होतं, पातळ दूध पकडलं जातं, म्हणून लोक वरून साखर घालून ते जड करत. नळीत औषध टाकून उकळलं की असलं दूध लाल व्हायचं. लाल झालं की कॅन परत!

* * *

मोठा दुष्काळ सरला तेव्हाची गोष्ट. दुष्काळात सगळीच माणसं वाळली होती. पुढं पाऊस झाला, ज्वारी आली, माणसं भरायला लागली. मी मात्र वाळतच राहिलो.

तहान तर अशी की दिवसाला घागर संपवायचो. आमच्या वस्तीत तेव्हा एकच आड, त्याला पाणी जेमतेम. आळीतल्या बाया माझ्या बायकोला, सुमनला, बोलायला लागल्या, "सुमन, तुझ्या घरात माणसं तीन, अन् पाणी बैलजोडीचं लागतंय!"

आजार पकडला तो मेहबूबचाचांनी. चाचा माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, पांढरी दाढी, बोलणं निम्मं मराठी, निम्मं दखनी. केंद्रामागं भिंतीला लागून आम्ही लघवीला जायचो. एके दिवशी चाचा मला तिथं घेऊन गेले आणि खाली बोट दाखवलं.

"टेस्टर, ये देखो. मेरे जगे पे कुछ नै. साहेब के जगे पे कुछ नै. तुमारे जगे पे मुंग्यांची जत्रा!"

मी सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून लघवी तपासायचं निळं औषध आणलं. प्रयोगशाळेत वेगळी नळी घेतली, दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी पक्की वीट!

चाचा मागून बघत होते. म्हणाले, "लाल हुआ. कॅन परत!"

* * *

सोलापूरच्या डॉक्टरांनी रोज सकाळी इन्सुलिनची सुई लावून दिली. मग समोर बसवून शिकवलं. "साखर बंद. गूळ बंद. गोड बंद."

मी म्हटलं, "बरं."

"आणि खिशात कायम साखर ठेवायची."

मी डॉक्टरांकडं बघितलं, डॉक्टरांनी माझ्याकडं.

मग त्यांनी नीट फोड करून सांगितलं. सुई रक्तातली साखर खाली आणते. सुई घेऊन वेळेवर जेवला नाहीत, जास्त चाललात, की ती नको तेवढी खाली येते. दरदरून घाम येतो, हात कापतात, एकाचे दोन दिसतात, चिडचिड होते. तसं झालं की विचार करत बसायचं नाही, चार चमचे साखर तोंडात, दहा-पंधरा मिनिटं बसायचं आणि बरं वाटलं की वर भाकरी खायची. "उशीर केलात तर बेशुद्ध पडाल. आणि घरच्यांना सांगा, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, श्वासात अडकतं. तडक दवाखाना."

घरी येऊन वडलांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी, साखर खायची न्हाय म्हणून सुई. अन् सुई घेतली म्हणून साखर खायची."

"व्हय."

"डॉक्टर बदल," वडील म्हणाले.

* * *

इन्सुलिनची बाटली थंड जागी ठेवावी लागते. आमच्या गावात तेव्हा फ्रीज कुणाकडंच नव्हता. पण मी तर थंड करायच्याच केंद्रात नोकरीला! पहिली बाटली चाचांनी मोठ्या मायेनं बर्फाच्या टाकीत दोरीनं सोडली. दुसऱ्या दिवशी ती खडीसाखरेसारखी झाली होती. गोठलेलं औषध वाया जातं, हे आम्हाला सोलापूरला परत गेल्यावर कळलं.

दुसरी बाटली थंड खोलीतल्या फळीवर, साध्या गारव्याला ठेवली. पण तिथं दूधवाल्यांची ये-जा. कुणी बाटली हलवून बघायचा, कुणी बूच हुंगायचा. एकानं तर चाचांना विचारलं, "अंगात ताकद येती म्हणं ह्यानं?"

जगदाळेसाहेब शिस्तीचे. त्यांनी बाटलीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं : 'विष'.

पुढच्याच आठवड्यात वरून तपासणीला अधिकारी आले. कपडे पांढरेशुभ्र, नाकाला रुमाल. थंड खोलीत शिरले आणि समोरच, दुधाच्या कॅनच्या वर, विष!

"जगदाळे, हे काय?"

"औषध आहे साहेब. आमच्या टेस्टरचं."

"औषध आहे, मग विष का लिहिलंत?"

"औषध लिहिलं तर लोक पितात, साहेब!"

अधिकाऱ्यांनी विचार केला आणि शेरा लिहिला, 'व्यवस्था समाधानकारक.'

* * *

सुई मी केंद्रातच घ्यायचो, कारण बाटली तिथं. काचेची पिचकारी पातेल्यात उकळायची, सुई टोचायची, हात धुवायचे आणि डबा उघडायचा. हा क्रम मोडला की संपलं.

एक दिवस मोडला. सुई घेतली आणि तेवढ्यात दुधाच्या तीन गाड्या एकदम आल्या. भाकरी डब्यातच राहिली. मी तपासायला उभा. रांगेत पुढचा कॅन अण्णांचा.

अण्णा म्हणजे एका सोसायटीचे चेअरमन. धोतर, फेटा, हातात काठी. त्यांच्या कॅनमध्ये पाणी असतं हे माळावरच्या बाभळींनाही ठाऊक होतं. आणि ते कुणी बोलायचं नसतं हेही. मीही बोलत नव्हतो. खोटं कशाला सांगू, रोज मुकाट पास करत होतो.

पण त्या दिवशी माझी साखर खाली निघाली होती. मी नळी उजेडात धरली आणि म्हणे भर रांगेत ओरडलो, "अण्णा, हे दूध न्हाय! हे तेरणेचं पाणी हाय! अन् तेरणेला बी यंदा एवढं पाणी न्हाय!"

जगदाळेसाहेबांच्या हातातलं पेन खाली पडलं. अण्णांचा फेटा तेवढा हलला.

चाचा मशीन सोडून धावत आले. माझा शर्ट घामानं चिंब, हात लटलट कापताहेत. "टेस्टर की शक्कर गिरी!" असं म्हणून त्यांनी मला खुर्चीत दाबलं आणि तोंडात साखर भरली. दहा मिनिटांत मी ताळ्यावर आलो. काय बोललो ते साहेबांनी कानात सांगितलं. मी उठून अण्णांना हात जोडले.

अण्णा मोठ्या मनानं म्हणाले, "जाऊ द्या. आजारी माणूस हाय. त्याला काय कळतंय!" आणि कॅन पास झाला.

त्या दिवसापासून मी कुणाच्याही दुधात पाणी पकडलं की रांगेतून आवाज यायचा, "आरं, टेस्टरला साखर द्या रं कुणीतरी!" मी चांगला पोटभर जेवून उभा असलो तरी!

अण्णांनी तर त्याच्यावर कडी केली. त्यांच्या कॅनबरोबर गडी साखरेची पुडी आणून माझ्या टेबलावर ठेवायला लागला. "अण्णांनी दिलीया. तुमच्या तब्येतीसाठी."

पुडी आली की आम्ही समजायचो, आज पाणी जास्त आहे.

* * *

केंद्रात साखर उतरली की मी वाघ, आणि घरी उलटंच.

सुट्टीच्या दिवशी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून घरी यायची, म्हणून सुमननं सुई टोचायला शिकावं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती वांग्यावर शिकली. आठ दिवस रोज वांगी टोचायची आणि संध्याकाळी त्याच वांग्यांची भाजी करायची. नवव्या दिवशी मला म्हणाली, "आता तुमी या." वांगी माझ्यापेक्षा कमी ओरडली असतील, असं मला वाटतं.

पण तिचं खरं कसब वेगळं. माझी साखर उतरली, हे तिला माझ्या आधी कळायचं. एकदा रविवारी दुपारी मी दारात बसलो होतो. ती आत दळण निवडत होती. मी म्हटलं, "सुमनताई, आपण जरा पाणी देता का?"

सुपातले दाणे टाकून ती गुळाचा खडा घेऊन पळत आली.

नंतर आळीतल्या बाया विचारायच्या, "सुमन, तुला घाम बघून कळतं, का हात बघून?"

"छ्या!" सुमन म्हणायची. "मानानं बोलायला लागले की कळतं!"

* * *

साखर उतरलेल्या माणसाला सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की पटते. ती म्हणजे, आपली साखर उतरलेली नाही. तो कुणाचं ऐकत नाही. साखर पुढं केली की तोंड फिरवतो.

रमजान चालू होता. चाचांचे रोजे. दिवसभर थुंकी न गिळणारा तो माणूस माझ्यासाठी खिशात साखरेची पुडी बाळगून फिरायचा आणि बरोबर वेळेला मला डब्यापाशी बसवायचा. मला लाज वाटायची. मी म्हणायचो, "चाचा, तुमच्या समोर जेवायला बरं वाटत न्हाय."

"रोजा मेरा है," चाचा म्हणायचे. "तेरे सुई का नै."

अशाच एका दुपारी मी कॅन मोजत होतो. तेच तेच कॅन तिसऱ्यांदा मोजत होतो, असं चाचा सांगतात. त्यांनी पुडी पुढं केली. मी ढकलली. साहेबांनी सांगून बघितलं. मी साहेबांना म्हणालो, "तुम्ही रांगेत या."

नागनाथ ड्रायव्हर म्हणाला, "धरून कोंबू का?"

"नै," चाचा म्हणाले. "टेस्टर को टेस्टर के तरीके से."

ते आत गेले. पेलाभर दुधात साखर घातली. रोज्यामुळं चव घेता येईना, म्हणून अंदाजानं घातली, आणि अंदाज आठ चमच्यांचा झाला. मग पेला घेऊन माझ्यासमोर अदबीनं उभे राहिले.

"साहेब, सोसायटीवाला भांडतोय. बोलताय दूध चोख है. जरा चखके फैसला दो."

आता नमुना समोर आला म्हटल्यावर टेस्टर नाही कसा म्हणेल! मी एक घोट घेतला. भुवया चढवल्या. दुसरा घेतला. तिसरा घेतला. पेला रिकामा करून खाली ठेवला आणि कडक आवाजात निकाल दिला, "साखर हाय! नमुना नापास!"

"नापास तो नापास," चाचा म्हणाले. "दुसरा नमुना लाऊं?"

* * *

खिशात साखर असते, पण तीच खायची हे त्या वेळी सुचलं पाहिजे ना! म्हणून डॉक्टरांनी मला एक कार्ड दिलं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की, मला डायबेटिस आहे, मी विचित्र वागताना दिसलो तर मला शुगर द्या. "हे वरच्या खिशात ठेवा, जगात कुठंही जा," डॉक्टर म्हणाले. जगात जायचा प्रश्न नव्हता. मी एसटीनं जळकोटच्या पुढं चाललो होतो.

बस दोन तास उशिरा आली. डबा खायचा तर डबा टपावरच्या पिशवीत. कधीतरी मी जागेवरून उठलो, म्हणे बसमध्ये उभा राहून सगळ्यांना म्हणायला लागलो, "आपापली झाकणं उघडा!" बायकांनी पिशव्या छातीशी धरल्या. कंडक्टरनं नाक पुढं करून वास घेतला. वास येईना. तरी त्यानं घंटी मारली आणि हायवेवर एका चौकीसमोर बस थांबवली.

"दारू पिऊन दंगा करतोय," असं सांगून मला उतरवलं. बस निघून गेली.

चौकीत एकच हवालदार. पोट सुटलेलं, मिशा झुपकेदार. त्यानं माझे खिसे तपासले. कार्ड मिळालं. त्यानं ते लांब धरलं, जवळ धरलं. इंग्रजी त्याला अक्षर लावून लावून यायचं. बराच वेळ ओठ हलले. सबंध कार्डातला एकच शब्द त्याला लागला.

"शु... ग... शुगर!"

तो ताडकन उभा राहिला.

त्या वर्षांत आमच्याकडं शुगर म्हणजे एकच, सहकारी साखर कारखाना! नवे कारखाने निघत होते आणि कारखान्याच्या माणसाला तहसीलदारापेक्षा जास्त मान होता.

"साहेब, आधी सांगायचं न्हाय व्हय! बसा, बसा!" त्यानं स्वतःची खुर्ची मला दिली, टोपी काढून मला वारा घातला आणि समोरच्या हॉटेलवाल्याला आरोळी ठोकली, "कारखान्याचे साहेब आल्यात! दोन पेशल! साखर सढळ टाक, न्हाय तर म्हणतील पोलिसांची साखर कमी हाय!"

दोन्ही चहा मलाच पाजले. सोबत गुलाबजाम आले. अर्ध्या तासानं मी शुद्धीवर आलो तेव्हा समोर हवालदार हात बांधून उभा.

"बरं वाटतंय का साहेब?"

"हो."

"माझा धाकटा भाऊ हाय. दहावी पास. कारखान्यात चिकटवता आला तर बघा की."

मी काय सांगणार! पोटात त्याचेच गुलाबजाम.

"अर्ज करायला सांगा," मी म्हटलं.

पुढं वर्षभरानं तो मला तुळजापूरच्या बाजारात भेटला. लांबूनच सलाम केला. भाऊ खरंच कारखान्यात लागला होता. "तुमच्यामुळं झालं साहेब!" म्हणाला, आणि परत गुलाबजाम घ्यायचा आग्रह. तेव्हा मात्र मी सांगितलं, "नको. मला गोड बंद आहे."

* * *

आता हा एक सांगतो आणि थांबतो. ह्याला साक्षीदार चाचा नाहीत. हा सगळा मला आठवतो.

पुन्हा दुष्काळ पडला होता. चारा संपला, जनावरं आटली, दूध निम्म्यावर आलं. एका आडवळणाच्या गावाहून तर कॅन यायचेच बंद झाले. साहेबांनी मला बघून यायला धाडलं. नागनाथची गाडी फाट्यावरच बंद पडली. मी म्हटलं, तू गाडी बघ, मी चालत जातो. एप्रिलचं ऊन, वाट खडकाळ, आणि गाव वाटलं त्यापेक्षा लांब.

अर्ध्या वाटेवर घाम सुटला. पुडी खाल्ली. सावली नव्हती, बसून राहायला पाहिजे होतं, पण मी चालत राहिलो. चूक माझीच. थोड्या वेळानं परत हात कापायला लागले. दुसरी पुडी घामानं भिजून खिशाच्या कापडातच विरघळली होती. खिसा बाहेर काढून कापड चोखलं. गाव दिसायला लागलं तेव्हा मला गावं दोन दिसत होती. मी डावीकडच्या गावाला गेलो.

पहिलंच घर सोजरबाईचं. साठी उलटलेली, एकटी राहायची, एक म्हैस. तिचं दूध मी त्याआधी दोनदा परत केलं होतं. साखर सापडली म्हणून, आणि तेही चारचौघांत. त्यावरून ती सबंध गावात मला शिव्या घालत फिरली होती.

मी तिच्या ओट्याला टेकलो. ती दारात आली.

"कोण? टेस्टर?"

मला सांगायचं होतं की मावशी, मी आजारी आहे, जरा मदत करा. पण जीभ जड झाली होती. एकच शब्द बाहेर आला.

"साखर..."

सोजरबाईनं कमरेला पदर खोचला.

"पुन्ना साखर? आरं, पुन्ना साखर? घरापत्तुर आलास व्हय रं? म्हस आटून दोन महिने झालं माझी! दूधच न्हाय, तर साखर कशात घालू, तुझ्या डोस्क्यात?"

"साखर..." मी म्हणालो.

"आईची आण! चिमूट न्हाय घातली!"

"साखर..."

"सबंध गाव घालतंय, ते तुला दिसत न्हाय! एकट्या बाईचं तेवढं दिसतंय!"

मी भिंत धरून खाली सरकलो. ती तरातरा आत गेली. मला वाटलं, गेली, संपलं. सुमनची आठवण आली. तेवढ्यात ती पत्र्याचा डबा घेऊन आली आणि तिनं झाकण काढून तो माझ्यापुढं आदळला.

"ही बघ! रेशनची साखर, जशी आणली तशी! घे, मोज! किती कमी झालीया सांग मला!"

मी डब्यात हात घातला, मूठ भरली आणि तोंडात कोंबली. मग दुसरी. मग तिसरी. दाणे हनुवटीवरून शर्टात सांडत होते.

सोजरबाईचं तोंड उघडं राहिलं ते तसंच. मग तिनं माझा भिजलेला शर्ट बघितला, कापणारे हात बघितले. आत जाऊन ताटलीत भाकरी आणि ठेचा घेऊन आली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोर बसून राहिली. मला बोलता यायला लागलं तसं मी तिला सगळं सांगितलं.

ओरडा ऐकून शेजारची बाई आली होती. तिनं आधी मला बघितलं, मग उघडा डबा. ती मला ओळखत होती. नाव, गाव, वस्ती, सगळं. ती हळू आवाजात, पण मला ऐकू येईल अशी म्हणाली, "सोजरमावशे, डबा बाटला की गं. आता सगळी त्यालाच द्यावी लागंल."

सोजरबाईनं डब्याला झाकण लावलं आणि तो परत आत नेला. थोड्या वेळानं चुलीचा धूर आला.

त्या गावात आमच्या वस्तीतल्या माणसाला चहा मिळायचा, पण कप वेगळा. सोजरबाईच्या ओट्यावरही कोनाडा होता आणि त्यात एक बिनकानाचा कप पालथा घातलेला होता. ती चहाचं पातेलं घेऊन बाहेर आली, तसा मी सवयीनं उठून त्या कपाकडं हात नेला.

"त्यो ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्याला कान न्हाय. हात भाजंल."

तिनं आतून दोन कप आणले. एकसारखे, निळ्या फुलांचे. दोन्ही भरले. एक माझ्यापुढं ठेवला, एक स्वतः घेतला. शेजारीण उंबऱ्यात उभीच होती.

मी घोट घेतला.

"कसा हाय?" सोजरबाईनं विचारलं.

"साखर लई हाय," मी म्हटलं.

"मग कर की परत!" ती म्हणाली, आणि आपला कप तोंडाला लावला.